नोलनचा 'द ओडिसी' चांगला निघेल का? त्यासाठी सांगलीहून पुण्याला आयमॅक्सला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीतल्या मित्रांच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, नोलन आहे म्हणजे डोळे झाकून तिकीट काढा. दुसरा म्हणतो, त्याच्याच 'टेनेट'मध्ये आधीच डोक्याचा भुगा झाला होता, आता होमरचा करणार (ज्याच्या प्राचीन ग्रीक महाकाव्यावर हा चित्रपट आहे तो कवी). चित्रपट १७ जुलै २०२६ ला येतोय आणि पहिल्याच दिवशी पुण्याच्या आयमॅक्सला, म्हणजे अवाढव्य पडद्याच्या थिएटरला, गाडी काढायची का, ते ठरत नाहीये.

माझं मत: डोळ्यांचं पारणं फिटेल, यात शंका नाही. गोष्टही जमेल असं वाटतं. संवाद नीट ऐकू येतील का, यावर मात्र पैज लावणार नाही. पुण्याला जा, पण पहिल्या दिवशी नको.

आधी ग्रुपवरचा आवडता मुद्दा, 'टीम तीच आहे'. कॅमेरामन हॉयटे व्हॅन हॉयटेमा, संकलक जेनिफर लेम, संगीतकार लुडविग योरान्सन. या तिघांना नोलनच्याच 'ओपेनहायमर'साठी ऑस्कर मिळालं, हे खरं. पण 'टेनेट'लाही हेच तिघं होते! म्हणजे टीमवरून काहीच सिद्ध होत नाही. फरक होता तो कच्च्या मालात. 'टेनेट'ची गोष्ट नोलनने स्वतः रचलेली होती. 'ओपेनहायमर'मागे एक जाडजूड चरित्र होतं. आधीच घट्ट विणलेली गोष्ट हाताशी असली की हा माणूस भरकटत नाही, असं माझं निरीक्षण आहे. आणि यावेळी हाताशी होमर आहे.

'काळ मागेपुढे करून वाट लावणार' म्हणणाऱ्यांनी मूळ महाकाव्याची रचना एकदा बघावी. ट्रॉयच्या युद्धानंतर घरी परतणाऱ्या ओडिसियसची ही गोष्ट. चोवीस सर्ग आहेत. पहिल्या चारांत नायक ओडिसियस प्रत्यक्ष येतच नाही, बापाच्या शोधात निघालेला मुलगा टेलेमॅकस असतो. नायक भेटतो पाचव्यात. एकडोळ्या राक्षस, माणसांची डुकरं करणारी सर्सी, गाणाऱ्या सायरन, म्हणजे ज्यासाठी ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते ते सगळं, नवव्या ते बाराव्या सर्गात नायक स्वतःच एका राजाच्या दरबारात बसून सांगतो. चक्क फ्लॅशबॅक, तोही अडीच हजार वर्षांहून जुना. नोलनला गुंता करायची गरजच नाही, तो आयता मिळालाय.

खरी गोम पुढे आहे. तेराव्या सर्गात नायक इथाकाला, आपल्या बेटावर पोचतो. म्हणजे अर्धं महाकाव्य घरी घडतं: भिकाऱ्याच्या वेषात त्याचं घरात शिरणं, बायकोच्या मागे लागलेले १०८ जण, शेवटी धनुष्याचा पण. मोठ्या बजेटच्या चित्रपटाला मोह होतो तो समुद्र आणि राक्षसांचा, आणि घरचा भाग शेवटच्या वीस मिनिटांत उरकला जातो. तसं झालं तर चित्रपट पडला असं समजा, मग लाटा कितीही उंच असोत. पण कलाकारांची यादी बघा. टेलेमॅकस टॉम हॉलंड, पिनेलोपी ॲन हॅथवे, आणि त्या १०८ जणांचा म्होरक्या अँटिनस म्हणून रॉबर्ट पॅटिन्सन. एवढी नावं घरच्या भागाला लावलीत म्हणजे तो भाग उरकायचा बेत दिसत नाही. मला ट्रेलरपेक्षा ही यादी जास्त बोलकी वाटते.

(सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी आपल्याकडे पहिलं नाटक केलं तेही धनुष्याच्या पणाचंच, 'सीता स्वयंवर'. धनुष्य कोण मोडणार हे माहीत असूनही लोक आलेच होते.)

चित्रपटातली चिलखतं आणि शिरस्त्राणं त्या काळाच्या मानाने 'चुकीची' असल्याचा वाद मी फार मनावर घेणार नाही. होमरने ट्रॉयच्या ज्या युद्धाबद्दल सांगितलं ते त्याच्या कित्येक शतकं आधीचं. त्याच्याच काव्यात जुन्या-नव्या वस्तूंची सरमिसळ आहे. हां, होमरच्याच 'इलियड' या दुसऱ्या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात ओडिसियस रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण घालतो. ते पडद्यावर बघायला मला आवडलं असतं.

आता आयमॅक्स. पूर्ण चित्रपट आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यांवर काढलाय, आणि असा हा पहिलाच. त्या फिल्मची पूर्ण चौकट रुंदी-उंचीच्या प्रमाणात १.४३:१, म्हणजे बरीच उंच. पुण्यात जे आयमॅक्स आहे ते डिजिटल, १.९०:१ चं. रुंदी तीच धरली तर मूळ उंचीच्या साधारण ७५ टक्के दिसतं. साध्या मल्टिप्लेक्सच्या २.३९:१ च्या पडद्यावर हाच आकडा ६० टक्क्यांवर येतो. तेव्हा 'पुण्यात पूर्ण फ्रेम दिसते' हे चूक, आणि 'काहीच फरक नाही' हेही चूक. काटछाट वर-खाली होते आणि कॅमेरामन त्याचा विचार करूनच चौकट लावतो, त्यामुळे गोष्टीतलं काही हरवत नाही. हरवते ती भव्यता.

आवाजाची गोष्ट वेगळी. आयमॅक्सचा फिल्म कॅमेरा चालताना प्रचंड आवाज करतो, म्हणून आजवर नोलन संवादांच्या बऱ्याच प्रसंगांना दुसरा शांत कॅमेरा वापरायचा. यावेळी आयमॅक्सने आवाज कमी करणारी नवी व्यवस्था दिली, म्हणूनच अख्खा चित्रपट त्यावर निघू शकला. पण संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड करायला नोलन नाखूश असतो, आणि पार्श्वसंगीत संवादावर चढवायची सवय जुनी आहे. 'टेनेट'ची निम्मी तक्रार तीच होती. उपाय सोपा: सबटायटल आहेत का ते थिएटरला फोन करून विचारा, किंवा हिंदी डबिंगचा शो असेल तर तो बघा. डबिंगचे संवाद स्टुडिओत रेकॉर्ड होतात, त्यामुळे स्वच्छ ऐकू येतात. कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

परीक्षणं लवकर आली नाहीत म्हणून घाबरू नका. 'ओपेनहायमर'चीही दोनच दिवस आधी आली होती.

प्रवासाचं गणित: सांगली ते पुणे २३० किलोमीटरच्या आसपास. पेठ नाक्यावरून हायवेला लागलात तरी पावसाळ्यात पाच तास धरा, खंबाटकी घाटात अडकलात तर सहा. शिवाय २५ जुलैला आषाढी आहे. त्या आठवड्यात वारी वाटेवर असते आणि काही रस्ते वळवलेले असतात. म्हणून पहिला शुक्रवार-शनिवार-रविवार सोडा. आषाढीनंतरच्या मंगळवार-बुधवारचा दुपारी एक-दोनचा शो घ्या, रात्री अकरा-बारापर्यंत घरी याल. तोवर ग्रुपमधल्या कुणीतरी सांगलीतच बघून इथाकाचा भाग कसा झालाय ते सांगितलेलं असेल. फार लांबवूही नका, नवीन मोठा चित्रपट आला की आयमॅक्सचे शो आधी त्याला जातात.

तिकीट काढताना पडद्यापासून दोन-तृतीयांश मागे, मधल्या खुर्च्या घ्या. पुढच्या चार-पाच रांगा आयमॅक्समध्ये मानेला भारी पडतात. आणि सांगलीत बघणार असाल तर चित्र काळपट दिसतंय का ते पहिल्या पाच मिनिटांत बघा. थ्रीडीचा फिल्टर प्रोजेक्टरवर तसाच राहिला की टूडी चित्र असं मळकट दिसतं. इंटरव्हलची वाट न बघता उठून मॅनेजरला सांगा, दोन मिनिटांचं काम असतं.