शिफ्टआधी रोज प्रार्थना घेतली तर कामगारांचा कामातला उत्साह वाढेल का?

तुमचं वागळे इस्टेटला छोटं युनिट आहे आणि शिफ्ट सुरू व्हायच्या आधी रोज दहा मिनिटं सगळ्यांची प्रार्थना घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. मी रबाळे एमआयडीसीत टर्निंगची, म्हणजे लेथवर धातू कातायची कामं करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे, अठरा वर्षं झाली. माझं सरळ उत्तर आहे, घेऊ नका. श्रद्धेमुळे माणूस किती मनापासून काम करतो हे मी रोज बघते, म्हणूनच सांगतेय.

आमच्याकडे लेथवर एक काका आहेत, माळकरी. एकदा डिस्पॅचची घाई होती, टेम्पो गेटवर उभा, आणि एका लॉटमधले काही पीस मापाच्या गेजमध्ये बसेनात. सुपरवायझर म्हणाला, "मिसळून टाका, कोण बघतंय!" काकांनी ते पीस वेचून रिजेक्ट मालाच्या लाल क्रेटमध्ये टाकले. "गळ्यात माळ आहे, माझ्याकडून व्हायचं नाही." रिजेक्शन त्यांच्याच नावावर लागलं, तरी चालेल म्हणाले. हे बळ त्यांना कंपनीने दिलेलं नाही. दर आषाढीला ते रजा टाकून पंढरपूरजवळ वाखरीला पालखी गाठतात, त्या वाटेवरचं आहे ते.

(तीच माळ लेथवर मात्र शर्टाच्या आत असते, वरचं बटण लावून. पीस धरून फिरणाऱ्या चकजवळ लोंबणारं काहीही नको, मनगटातला देवाचा धागासुद्धा. एवढं मालकाने ठामपणे सांगायलाच हवं.)

याआधी मी जिथे होते तिथे सकाळची आरती सक्तीची होती. कोण आलं, कोण नाही, यावर सुपरवायझरची नजर. पॅकिंगमधली माझी मैत्रीण बौद्ध. तीही रोज हात जोडून उभी राहायची, कारण दर अकरा महिन्यांनी तिचं कॉन्ट्रॅक्ट नवं व्हायचं. तिचे ते जोडलेले हात मला अजून आठवतात आणि वाईट वाटतं. त्या वर्षी सत्यनारायण थाटात झाला आणि दिवाळीला बोनस अडकला. कायद्याने किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो, तोही नाही. दुसऱ्या दिवशी आरतीला माणसं होती, आवाज नव्हता.

उलट खंडेनवमी बघा. आदल्या दिवशी दुपारनंतर मशीन बंद. प्रत्येक जण आपापल्या मशीनचा कानाकोपरा पुसतो, लोखंडाचा कीस काढतो, तेल घालतो, झेंडूची माळ चढवतो. आमचा मुस्लिम वेल्डर पूजेला थांबत नाही, पण आपला सेट स्वतः चकचकीत करून जातो. कुणी सांगावं लागत नाही.

तुम्हाला काही करायचंच असेल तर जागा करून द्या. सेकंड शिफ्टचा सहाचा चहा आम्ही रमजानमध्ये सूर्यास्तावर नेतो. नवरात्रात कडक उपवास धरणाऱ्यांना भट्टीजवळ उभं करत नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांची शिफ्ट दुसरं कुणीतरी घेतं, आणि ते त्याची आषाढीला घेतात.

पुढच्या वर्षाचं कॅलेंडर घ्या, सगळ्यांना बोलवा आणि कुणाला कुठला दिवस हवाय ते विचारा. एका दुपारचं काम आहे.