रामन रेषा म्हणजे रेडिओचे साइडबँडच का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, केमिस्ट्री घेऊन. स्पेक्ट्रोस्कोपीच्या तासाला सर म्हणाले की रामन परिणाम म्हणजे एका प्रकारचं अॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशनच, आणि लगेच पुढच्या टॉपिकवर गेले. पुस्तकात तर व्हर्च्युअल लेव्हलची आकृती आहे, त्यात मॉड्युलेशन कुठेच नाही. रेडिओचा आणि रेणूचा खरंच संबंध आहे की नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : रामन परिणाम म्हणजे पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला की परत येणाऱ्या प्रकाशात थोड्या सरकलेल्या रंगांच्या रेषाही दिसणं. रेडिओशी त्याचा संबंध खरा आहे, आणि गणितापुरतं बोलायचं तर अगदी तोच आहे. मला तर वाटतं रामन शिकवायला सुरुवातच इथून करावी, व्हर्च्युअल लेव्हलची (रेणू क्षणभर जिथे जातो असं मानतात त्या काल्पनिक ऊर्जापातळीची) आकृती नंतर काढली तरी चालेल.

आधी रेडिओ बघू. आकाशवाणीचं पुणे केंद्र मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं, ही झाली कॅरिअर लहर. समजा स्टुडिओत कुणी १ किलोहर्ट्झचा एकच सूर लावला, तर त्या सुराप्रमाणे कॅरिअरची उंची कमीजास्त होते, म्हणजे गणितात कॅरिअरला सुराने गुणलं जातं. आता अकरावीतलं त्रिकोणमितीचं सूत्र आठवा, दोन कोसाइनचा गुणाकार केला की बेरजेच्या कोनाचा एक आणि वजाबाकीच्या कोनाचा एक असे दोन कोसाइन मिळतात, प्रत्येकी निम्मे. म्हणून हवेत ७९२ च्या दोन्ही बाजूंना ७९१ आणि ७९३ अशा दोन नव्या वारंवारता तयार होतात, त्याच साइडबँड.

इथे गुणाकार हा शब्द पक्का धरा, बरेच जण नेमके इथेच घसरतात. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जराशा वेगळ्या लागल्या की आवाज हेलकावतो, ते बीट्स, तिथे दोन लहरींची फक्त बेरीज होते आणि नवी वारंवारता एकही जन्माला येत नाही. नवी वारंवारता हवी असेल तर एका लहरीने दुसरीचा गुणक बदलायला हवा, मॉड्युलेशन म्हणतात ते यालाच.

आता रेणूकडे. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र रेणूवर पडलं की त्यातला इलेक्ट्रॉनांचा ढग मागेपुढे ओढला जातो आणि रेणू एका छोट्या अँटेनासारखा प्रकाश परत फेकतो. ढग किती सहज ओढला जातो ती पोलरायझेबिलिटी. रेणू स्थिर असता तर ही संख्याही स्थिर राहिली असती आणि बाहेर फक्त मूळ रंगाचा प्रकाश आला असता, तो झाला रॅले स्कॅटरिंग. पण रेणू तर सतत कंप पावतोय, बंध ताणले जातात आखडतात, आणि त्याबरोबर पोलरायझेबिलिटीही कमीजास्त होते. म्हणजे प्रकाश हा कॅरिअर, रेणूचं कंपन हा सूर, आणि पोलरायझेबिलिटी हा तो गुणक, पुढचं गणित रेडिओचंच.

आकडे घालून बघा म्हणजे पटेल. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर म्हणजे साधारण ५६४ टेराहर्ट्झ. कार्बन टेट्राक्लोराइडमधे चारही क्लोरिन एकदम बाहेर-आत होतात ते कंपन ४५९ सेंटीमीटर-इन्व्हर्सला (स्पेक्ट्रोस्कोपीत वारंवारता मोजायचं नेहमीचं एकक, पुढचे आकडेही त्यातलेच), म्हणजे जवळपास १४ टेराहर्ट्झ. वजाबाकी केली की ५४५ नॅनोमीटरच्या आसपास एक रेषा येते, ती स्टोक्स, आणि बेरीज केली की ५१९ च्या आसपास दुसरी, ती अँटी-स्टोक्स. प्रयोगशाळेत रेषा तिथेच मिळतात.

केमिस्ट्रीवाल्यांना याचा खरा फायदा सिलेक्शन रूलमधे, म्हणजे कुठलं कंपन दिसणार आणि कुठलं नाही या नियमात होतो, जो बहुतेक मुलं नुसता पाठ करतात. कंपनाने पोलरायझेबिलिटी बदलली नाही तर मॉड्युलेशन नाही, आणि मॉड्युलेशन नाही तर साइडबँड नाही, एवढाच तो रूल आहे. कार्बन डायऑक्साइड घ्या. दोन्ही ऑक्सिजन एकदम लांब जातात तेव्हा ढग फुगतो, एकदम जवळ येतात तेव्हा आक्रसतो, म्हणून हे सममित कंपन रामनमधे दिसतं आणि इन्फ्रारेडमधे दिसत नाही, कारण इन्फ्रारेडला लागतो तो डायपोल, म्हणजे रेणूतल्या धन आणि ऋण भारांमधला कल, शून्यच राहतो. असममित कंपनात एक बंध लांबतो तेव्हा दुसरा आखडतो, पोलरायझेबिलिटीवरचे दोघांचे परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात, डायपोल मात्र बदलतो, म्हणून २३४९ ची ती रेषा इन्फ्रारेडमधे जोरदार आणि रामनमधे गायब. हवेतल्या नायट्रोजनचं तर इन्फ्रारेडमधे काही दिसतच नाही, पण रामनमधे २३३१ ला त्याची रेषा मिळते.

एक फरक मात्र आहे. रेडिओत मॉड्युलेशन खोल असतं, पूर्ण मॉड्युलेशनला एक तृतीयांश पॉवर साइडबँडमधे जाते. रेणूत ते इतकं उथळ असतं की आत गेलेल्या फोटॉनांपैकी साधारण कोटीत एखादाच रामनचा होऊन बाहेर येतो. १९२८ साली कोलकात्यात रामन आणि कृष्णन यांनी हे लेझर नसताना शोधलं, याचं मला आजही प्रचंड कौतुक वाटतं.

आणि मॉड्युलेशनची ही कल्पना कुणी नंतर शिकवण्यापुरती चिकटवलेली नाही बरं का. त्याच वर्षी त्याच महिन्यात मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना क्वार्ट्झमधे हीच घटना दिसली. मांडेलश्टाम मूळचे रेडिओवाले, स्ट्रासबुर्गला फर्डिनांड ब्राउन यांच्याकडे तयार झालेले, म्हणजे मार्कोनीबरोबर १९०९ चं नोबेल मिळालेले ते ब्राउन. घन पदार्थातल्या ध्वनिलहरी प्रकाशाला मॉड्युलेट करतील आणि मूळ रेषेला अगदी चिकटून दोन बारीक रेषा दिसतील अशी त्यांची अपेक्षा होती, त्या शोधताना खूप लांब सरकलेल्या रेषा हाती लागल्या, कारण मॉड्युलेशन करणारं कंपन ध्वनीचं नव्हतं, क्वार्ट्झच्या अणूंचंच होतं. रामन वेगळ्या वाटेने आले, त्यांच्या डोक्यात कॉम्प्टन परिणाम होता, म्हणजे क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून कमी ऊर्जेने बाहेर पडतात ती घटना.

प्रश्न : माझं आयुष्य रेडिओ दुरुस्तीत गेलं. विज्ञान दिनाच्या एका व्याख्यानात रामन रेषांना साइडबँड म्हटलेलं ऐकून फार आनंद झाला, पण पडद्यावरच्या चित्रात एका बाजूची रेषा उंच आणि दुसरीकडची अगदी बारीक होती. एएममधे (अॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशनमधे) तर दोन्ही साइडबँड सारखे असतात. मग असं का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : तुम्ही नेमकी ती जागा पकडलीत जिथे मॉड्युलेशनची जुनी थिअरी थांबते. त्या थिअरीने हिशेब केला तर अँटी-स्टोक्स रेषा उलट किंचित उजळ यायला हवी, कारण स्कॅटरिंग वारंवारतेच्या चौथ्या घाताने वाढतं आणि तिची वारंवारता जास्त आहे. दिसतं मात्र याच्या अगदी उलट.

कारण असं की रेडिओच्या ट्रान्समीटरमधे सूर बाहेरून येतो, हवा तेवढा. रेणूची ऊर्जा मात्र ठरावीक पायऱ्यांनीच कमीजास्त होते. अँटी-स्टोक्समधे प्रकाश रेणूकडून एक पायरी ऊर्जा घेऊन जातो, म्हणजे रेणू आधीच वरच्या पायरीवर असायला हवा, आणि साध्या तापमानाला असे रेणू थोडेच असतात. स्टोक्समधे प्रकाशच ऊर्जा देतो, तिथे ती अडचण नाही. हिरव्या लेझरने बघितलं तर कार्बन टेट्राक्लोराइडच्या ४५९ च्या रेषेसाठी अँटी-स्टोक्स ही स्टोक्सच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्श्याइतकी येते, बेंझीनच्या ९९२ ला पंचाहत्तर-ऐंशीव्या हिश्श्याइतकी, आणि हिऱ्याच्या १३३२ ला तर तीनशेव्या हिश्श्याहूनही कमी. पायरी जितकी उंच तितके वर पोचलेले रेणू कमी.

म्हणजे रेषा कुठे येणार आणि कुठलं कंपन दिसणार हे मॉड्युलेशन सांगतं, उंची किती ते क्वांटम सांगतं. भौतिकशास्त्रज्ञ स्मेकाल यांनी १९२३ मधेच क्वांटमच्या बाजूने अशा सरकलेल्या रेषांचं भाकीत केलं होतं आणि १९३४ मधे प्लाचेक यांनी पोलरायझेबिलिटी ठेवून क्वांटमची नीट बैठक दिली.

या विषमतेचा उपयोगही होतो. दोन रेषांचं गुणोत्तर तापमानावर अवलंबून असल्यामुळे ऑप्टिकल फायबरमधे लेझरचे झटके सोडून परत येणाऱ्या रामन प्रकाशावरून फायबरच्या लांबीवर कुठे किती तापमान आहे ते काढतात. बोगद्यात आग लागल्याचं कळावं म्हणून अशा केबल टाकलेल्या असतात.

प्रश्न : रेणूचं एएम होतं तर एफएमसारखं काही होतं का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : होतं, पण एफएममधे लहरीची उंची नाही तर वारंवारता कमीजास्त होते, म्हणून तिथे प्रकाश सोडणारा किंवा शोषणारा अणूच हलवावा लागतो. १९६० मधे रुबी आणि बोलेफ यांनी लोह-५७ च्या मोसबाउअर प्रयोगात (स्फटिकातल्या अणुकेंद्रकांनी सोडलेले आणि शोषलेले अगदी नेमक्या वारंवारतेचे गॅमा किरण मोजतात तो प्रयोग) क्वार्ट्झच्या स्फटिकाने अल्ट्रासोनिक कंपन दिलं आणि गॅमा किरणांच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर साइडबँड मिळाले. एफएममधे एका सुराला एकच जोडी येत नाही, कंपन वाढवाल तशा आणखी जोड्या उगवतात आणि मधली मूळ रेषा खाली जाते, आणि याचा हिशेब बेसेल फंक्शन नावाच्या गणिती फलांनी होतो, रेडिओच्या एफएममधे होतो तसाच.