जंगलाला आग किंवा कीड लागली की मेलेली झाडं सरसकट तोडावीत का?

सरसकट तर अजिबातच नाही. "जंगल साफ करा" म्हटलं की माझं डोकंच फिरतं, कारण आमच्या घरात यावर पंचवीस वर्षांच्या वर भांडण चालू आहे.

मी गोंदियाचा, मामा बैहरचा, म्हणजे बालाघाट जिल्हा, साल नावाच्या झाडांचं जंगल अगदी दाराशी. 1997-98 ला मंडला, डिंडोरी, बालाघाट सगळीकडे सालबोरर आला, म्हणजे सालाचं खोड पोखरणारी कीड, तिची अळी आत वाढते आणि तिचा भुंगा होतो. लाखो झाडं गेली. मी सातवीत होतो, जूनच्या शेवटी शाळा बुडवून मामाकडेच. वनखातं सालाचे ओंडके पाडून टोकं ठेचून ठेवायचं, रसाच्या वासावर भुंगे लांबून उडत यायचे आणि पिऊन असे टुन्न व्हायचे की हातानं उचला. आम्ही पोट्टे डब्यात भरायचो, आत चिरचिर चालू. मुंडकी मोडून मोजून द्यायची, नगावर पैसे. मामेभावानं त्यात नवी चप्पल घेतली.

मामा एका ठेकेदाराकडे मुन्शी. त्याचं एकच, पानं वाळून लाल दिसलेलं झाड पाडा नाहीतर सगळं जंगल जाईल. अर्धं खरं आहे. अळी खोड पोखरत वाढते, बुंध्याशी भुशाचा ढीग पडतो, आणि भुंगा बाहेर येतो तो पहिल्या पावसात, म्हणून भुसा पडणारं झाड पावसाआधी काढून बाहेर नेलं तर उपयोग आहे. पण ज्यातून भुंगा कधीचाच उडालाय, नुसती भोकं उरलीत, ते पाडून कोणता किडा मरतो? तसे ओंडके पण ट्रकवर चढले, मी स्वतः भोकात बोट घालून बघितलंय. मामाला विचारलं तर "तुला काय कळतं बे". पुढे या तोडीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा बाबांनी पेपर मुद्दाम त्याच्यासमोर ठेवला. मोकळं झालं तिथं घाणेरीची झुडपं माजली ती वेगळीच.

आगीचं म्हणाल तर आपल्याकडे वणवा बहुतेक माणूसच लावतो, मोहफुलं वेचायला पाला जाळतात, तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून जाळतात. साग, तेंदू वरून जळाले तरी खालून फुटतात. सालाचं रोप तर आग नसली तरी वर्षानुवर्षं वरून मरतं आणि खाली मूळ जाड करत बसतं. त्यामुळे नवी रोपं लावायला लगेच जेसीबी घालून खड्डे खणू नका, जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून पाला काढून मोकळी ठेवलेली पट्टी) वेळेत काढा आणि दोन-तीन वर्षं गुरं आत सोडू नका. पावसाळ्याच्या शेवटी सागाच्या पानांची जाळी होऊन डोंगर जळाल्यासारखा दिसतो ती पण अळीच, त्यानं झाड मरत नाही, उगाच कुऱ्हाड काढू नका.

मी काही वनखात्यात नाही हे धरून चला, आणि रस्त्यावर झुकलेलं वाळकं झाड अर्थातच काढा.

मामा अजून म्हणतो, तेव्हा पाडलं म्हणून आज जंगल दिसतं. दिवाळीला गेलो होतो, त्याच्या घराची चौकट सालाची, 98 चीच. खालच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढं भोक आहे, पुट्टी भरून वरून रंग दिलाय.