आंतरराष्ट्रीय व्यवस्थेची 'रचना' प्रत्यक्षात कुठे दिसते? आणि ती बदलते कशी?

एम.ए. करताय आणि गोव्यातले आहात, तर उदाहरण घरातच आहे.

आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अमेरिकी अभ्यासक केनेथ वॉल्ट्झने 1979 मध्ये या रचनेबद्दल मांडलं ते थोडक्यात असं: देशांच्या डोक्यावर कुठलंही सरकार नाही, म्हणून ज्याने त्याने आपलं आपण बघायचं. फरक पडतो तो ताकद कोणाकडे किती, महासत्ता किती, यानेच.

आता डिसेंबर 1961 बघा. गोव्यावर राज्य करणारा पोर्तुगाल हा नाटोचा, म्हणजे अमेरिकेच्या बाजूच्या लष्करी गटाचा, संस्थापक सदस्य. भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि सुरक्षा परिषदेत युद्धबंदी व माघारीचा ठराव आला. बाजूने 7 मतं, विरोधात 4. तरी ठराव पडला, कारण त्या चारांत सोव्हिएत संघाचा नकाराधिकार होता. महासत्ता एकच असती तर भारताला हे फार जड गेलं असतं, असं मला ठामपणे वाटतं. (सगळं श्रेय मात्र रचनेला देऊ नका. सत्याग्रहींनी तुरुंगवास भोगला, गोळ्या झेलल्या, तो हिशेब या सिद्धांतात कुठेच येत नाही.)

बदलाच्या बाबतीत वॉल्ट्झ तोकडा पडतो. 1991 मध्ये सोव्हिएत संघ मोठ्या युद्धाशिवाय, आतूनच कोसळला, आणि देशांच्या आत काय चाललंय हे त्याचा सिद्धांत बघतच नाही. दुसरा अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट गिल्पिन म्हणतो, देशांची वाढ असमान होते आणि जुनी घडी त्यामुळेच विस्कटते. समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल वॉलरस्टाईन वाचाच. त्याच्या मते खरी रचना भांडवली अर्थव्यवस्थेची, केंद्र (श्रीमंत, वरचढ देश) आणि परिघाची (त्यांच्यावर अवलंबून असलेले देश). 1510 मध्ये गोवा जिंकणारा पोर्तुगाल पुढे स्वतःच इंग्लंडच्या व्यापारावर अवलंबून कसा झाला, ते तिथे नीट कळतं.