पंप बदलला, घाटात इंजिन गेलं: आधी हेड उघडू देऊ नका

प्रश्न: मी फुरसुंगीला राहतो. माझा एकच ट्रक आहे, जुना, सहा सिलिंडरचा. मीच चालवतो, सोबत एक क्लीनर. महिन्यापूर्वी एका गॅरेजने डिझेल पंप काढून रिकंडिशन पंप बसवला. ६२,००० रुपये घेतले. ४०,००० यूपीआयने, बाकी रोख. पक्कं बिल नाही, वहीच्या पानावर लिहून दिलं. त्या दिवसापासून इंजिन कडक वाजत होतं. मिस्त्री म्हणाला, ‘पंप नवा आहे, सेट होईल.’ अठराव्या दिवशी माल भरून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढताना ब्रिदरमधून (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी नळी) धूर सुटला आणि ओढ गेली. गाडी टो करून त्याच गॅरेजला आणली. आता ते म्हणतात, डिझेल भेसळीचं होतं, पिस्टन गेले, १,४०,००० खर्च येईल. तपासणीचे १८,००० आणि पार्किंगचे रोज ३०० दिल्याशिवाय गाडी सोडणार नाहीत. जुना पंपही दिलेला नाही. पोलीस म्हणतात, दिवाणी मामला. काय करू?

उत्तर: हेड (सिलिंडरांवरचं झाकण) अजून उघडलेलं नसेल, तर ते उघडू देऊ नका आणि पंपाच्या एकाही बोल्टला पाना लावू देऊ नका. तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे आहे त्या जागी बसलेला तो पंप. एकदा उतरवला, की टायमिंग (पंप सिलिंडरमध्ये डिझेल सोडतो ती वेळ) किती डिग्रीवर होतं हे कुणालाच दाखवता येणार नाही.

पंप बसवल्यापासून कडक ठोका आणि नंतर चढावर ब्रिदरमधून धूर, ही जोडी बघितली की पहिला संशय टायमिंगवर जातो. टायमिंग पुढे गेलं, की पिस्टन वर येत असतानाच डिझेल पेटतं. दाब आणि उष्णता वाढते, रिंगांच्या खाचा तुटतात किंवा पिस्टनचा माथा जळतो आणि जळलेला वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरून ब्रिदरमधून बाहेर पडतो. टायमिंग मागे राहिलं असतं, तर ठोक्याऐवजी पांढरा धूर, मंद ओढ आणि तापणारं इंजिन दिसलं असतं. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. एखादा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं टोक) गळत असेल तर त्या एकाच सिलिंडरचा पिस्टन जळतो, आणि तो नोझल पंपाबरोबर बदललेला नसेल तर समोरचा हात वर करणार.

दुसरा संशय पंपाच्या जातीवर. रिकंडिशन पंपांत हे सर्रास होतं: बॉडी तीच, आत एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणारा दांडा (प्लंजर) आणि त्याची नळी, दुसऱ्या मापाचं. ९ मिलिमीटरच्या जागी साडेनऊचा प्लंजर बसला, तर बाहेरून काही कळत नाही. पण तेवढ्याच स्ट्रोकला सुमारे ११ टक्के डिझेल जास्त जातं. म्हणून पंपाच्या पट्टीवरचा टाइप नंबर आणि गव्हर्नरचं (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) सील यांचे जवळून फोटो आजच काढा. तो नंबर तुमच्या इंजिनाच्या यादीत बसतो की नाही, हे पंपाच्या कंपनीचा अधिकृत सर्व्हिसवाला सांगू शकतो. पट्टीच खरडलेली असेल, तर तिचाही फोटो.

आता गॅरेजला लेखी कळवा, स्पीड पोस्टने आणि व्हॉट्सॲपवरही: गाडीला हात लावू नये, सात दिवसांच्या आत दोन्ही बाजूंसमोर तपासणी ठेवावी, कॅलिब्रेशनचा (पंप बेंचवर जुळवल्याचा) कागद द्यावा, जुना पंप परत करावा, १८,००० नेमके कशाचे ते बाबवार लिहून द्यावं. हेड उघडलेलंच नसेल तर ‘पिस्टन गेले’ हे कशावरून ठरवलं, हेही विचारा. जुन्या पंपाबाबत एक खबरदारी: रिकंडिशन पंप बऱ्याचदा एक्स्चेंजवर देतात. वहीच्या पानावर ‘एक्स्चेंज’ लिहिलं असेल, तर जुना पंप मागण्यात ताकद घालवू नका.

तपासणीला निःपक्ष डिझेल पंप तज्ज्ञ न्या आणि सलग व्हिडिओ घ्या. आधी फ्लँजच्या खाचांवर किंवा कपलिंगवर, तुमच्या इंजिनाला जे असेल त्यावर, पंप आणि इंजिन जोडणारी पेंटची आडवी रेघ मारायची. मग पहिला सिलिंडर कॉम्प्रेशन स्ट्रोकवर आणायचा. एक्झॉस्टवर आणला तर सगळं मोजमाप फुकट. पहिल्या एलिमेंटचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून होल्डर पुन्हा बसवायचा, त्यावर वाकडी नळी लावायची, रॅक (डिझेलचं प्रमाण ठरवणारी पट्टी) फुल लोडला धरून हातपंप मारायचा आणि इंजिन सरळ दिशेने हळूहळू फिरवायचं. नळीतली धार तुटून थेंब थेंब होते, त्या क्षणी फ्लायव्हीलवर किंवा पुलीवर जी डिग्री दिसते ती लिहून घ्यायची आणि इंजिनाच्या मॅन्युअलशी ताडून बघायची. तुमच्या प्रकरणाचा निम्मा निकाल या एका आकड्यात आहे.

त्यानंतरच पंप उतरवा, कापडात गुंडाळून दोघांच्या सह्यांचं सील लावा आणि टेस्ट बेंचवर पाठवा. अहवालात प्रत्येक एलिमेंटचं १००० स्ट्रोकला किती मिलिलिटर ते, सहा इंजेक्शनांमधलं ६० अंशांचं अंतर आणि गव्हर्नर किती आरपीएमला डिझेल तोडतो, हे तिन्ही हवं. ‘पंप ठीक नाही’ एवढ्या शेऱ्याचा ग्राहक आयोगासमोर उपयोग होत नाही.

भेसळीच्या आरोपालाही तिथेच उत्तर मिळतं. डिझेलमध्ये पाणी किंवा घाण असेल तर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा भाग) वाटीत पाणी, फिल्टरवर गाळ आणि प्लंजरवर गंज किंवा ओरखडे दिसतात, तेही बहुधा एकापेक्षा जास्त एलिमेंटवर. प्लंजर आरशासारखे चकचकीत निघाले आणि टायमिंग पुढे निघालं, तर गॅरेजची कहाणी संपली. टाकीतलं डिझेल दोन स्वच्छ डब्यांत, सह्यांच्या चिठ्ठ्या लावून ठेवा. फिल्टर फेकू देऊ नका. शेवटच्या दोन-तीन वेळा डिझेल भरल्याच्या पावत्या शोधा.

गॅरेजला गाडी अडवण्याचा हक्क आहे का? भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७०: वस्तूवर श्रम आणि कौशल्य खर्चून केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत कारागीर ती वस्तू ठेवून घेऊ शकतो. म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामापुरता हक्क आहे, तोंडी सांगितलेल्या कुठल्याही रकमेसाठी नाही. पार्किंग आधी ठरलेलं नसेल तर ते या कलमात बसवणं त्यांना जड जाईल. तरी व्यवहार म्हणून माझा सल्ला: तपासणी झाल्यावर बाबवार बिल घ्या, ‘हक्क राखून, वाद कायम ठेवून’ असं लिहून रक्कम बँकेमार्फत भरा आणि गाडी टो करून न्या. १८,००० साठी गाडी तीन महिने अडकवून ठेवणं महागात पडतं. पोलिसांचं म्हणणं बहुतांशी बरोबर आहे. उद्या तुमच्या गाडीचा एखादा भाग बदलला गेल्याचं किंवा गायब झाल्याचं दिसलं, तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ (विश्वासघाताचा गुन्हा) खाली लेखी अर्ज द्या.

दाद मागायची ती पुणे जिल्हा ग्राहक आयोगात. समोरचा वकील पहिला आक्षेप घेईल, ‘ट्रक म्हणजे धंदा, हे ग्राहकच नाहीत.’ लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्सच्या १९९५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ट्रकचंच उदाहरण दिलं आहे: स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतला असेल तर मालक ग्राहक, आणि मदतीला एक-दोन माणसं ठेवल्याने हा हक्क जात नाही. तेव्हा क्लीनरची भीती नको. खरी अडचण वेगळी आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या स्पष्टीकरणात ही सवलत वस्तूंच्या बाबतीत लिहिली आहे. जुन्या कायद्यात असलेला सेवेचा उल्लेख त्यात नाही. म्हणून तक्रार नुसती ‘दुरुस्ती नीट केली नाही’ अशी मांडू नका. ‘सदोष पंप विकला आणि चुकीचा बसवला’ अशी मांडा. वहीच्या पानावर पंपाची किंमत आणि मजुरी वेगळी लिहिली असेल तर ते पान सोन्याच्या मोलाचं आहे. तक्रारीत ‘केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून’ हे शब्द हवेत. सोबत आरसी, परमिट आणि तुमचं लायसन्स जोडा.

पक्कं बिल नाही म्हणून केस पडत नाही. उलट बिल न देणं ही त्याच ग्राहक कायद्याच्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयची नोंद, ते पान आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं मिळून व्यवहार सिद्ध होतो. चॅट मात्र कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तो फोन विकू किंवा रीसेट करू नका.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची. दिलेला मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल होते. गॅरेजला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. २०२०च्या घटनापीठाच्या निकालानंतर त्यापलीकडे एक दिवसही नाही. गॅरेजने संयुक्त तपासणी नाकारली, तर तक्रारीबरोबरच ग्राहक कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम अर्ज द्या: पंप हलवू नये आणि तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी. तपासणीची फी आधी तुम्हालाच भरावी लागेल, ती तजवीज ठेवा.

विम्याकडून आशा ठेवू नका. यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटार पॉलिसीत वगळलेला असतो.

भरपाईत पंपाचे ६२,०००, इंजिनाचा दुरुस्ती खर्च, टोईंग आणि बुडालेलं भाडं मागता येईल. भाड्यासाठी मागच्या सहा महिन्यांच्या बिल्ट्या (माल नेल्याच्या पावत्या) आणि बँकेचं स्टेटमेंट लावा. ‘रोज इतके बुडतात’ या वाक्यावर कुणी पैसे देत नाही. आणि करार कायद्याचं कलम ७३ नुकसान मोजताना हेही बघतं, की ते कमी करायला तुम्ही काय केलं. म्हणून तपासणी आणि सीलबंद पंपाचं काम आटोपलं, की निकालाची वाट न बघता दुसरीकडे पक्क्या बिलावर इंजिन बांधून घ्या, जुने पिस्टन आणि रिंगा पोत्यात बांधून ठेवा, आणि गाडीवर कर्ज असेल तर हप्त्याच्या तारखेआधी बँकेला मुदतीसाठी लेखी अर्ज द्या.