खर्र्याने आखडलेल्या गालाला लॅबमध्ये वाढवलेलं अस्तर का नाही लावत?

तुम्ही विचारलं की पुतण्याचं तोंड खर्र्यामुळे (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) दोन बोटांवर उघडत नाही, आणि लॅबमध्ये तोंडाचं अस्तर वाढवतात म्हणे तर ते याला का नाही लावत. भाऊ, या आजारासाठी (सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे गालाच्या अस्तराखाली कडक पट्टे तयार होणं) ते अजून रोजच्या इलाजात आलं नाही. माझा दाताचा दवाखाना आर्वीकडे आहे, पीजीत सेल कल्चर, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम, केलं होतं, त्यावरून माझं मत असं की अडलं आहे ते पेशींपाशी कमी अन् स्कॅफोल्डपाशी, म्हणजे पेशी ज्यावर वाढतात त्या आधारापाशी, जास्त.

पेशी वाढवणं राईनवाल्ड आणि ग्रीन या शास्त्रज्ञांच्या १९७५ च्या पद्धतीपासून जमते. पण नुसता पेशींचा पापुद्रा चिमट्यात धरला की फाटते, टाका कुठं घेणार, म्हणून खाली कोलॅजेनचं (धाग्यांसारख्या प्रथिनाचं) जेल लागते. त्यात फायब्रोब्लास्ट (धागे बनवणाऱ्या पेशी) टाकतात, वर केराटिनोसाइट (अस्तराच्या वरच्या थराच्या पेशी), मग वरची बाजू हवेत उघडी ठेवली की थरावर थर चढतो. कटकट अशी की फायब्रोब्लास्ट कोलॅजेनला ओढतात, जेल प्लेटच्या कडेपासून सुटून मधोमध गोळा होते. ज्याचा गालच आकसला त्याला आकसणारं अस्तर लावून काय फायदा! क्रॉसलिंकिंग, म्हणजे कोलॅजेनचे धागे एकमेकांना बांधणं, करून ते पक्कं करता येते, पण जास्त झालं की कडक होते, पेशी आत शिरत नाहीत. सुपारीतलं तांबंही गालात हेच करते, लायसिल ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमला जोर देते अन् कोलॅजेनचे धागे एकमेकांत जास्तच बांधल्या जातात, म्हणून क्रॉसलिंकिंगचं प्रमाण सांभाळणं इथं फार महत्त्वाचं.

मला सगळ्यात आवडलेली सुधारणा म्हणजे पृष्ठभागाचा आकार. निरोगी अस्तराचा खालचा भाग सपाट नसते, सोयाबीनच्या वावरातल्या सरी-वरंब्यासारखा खालीवर असते, त्यानेच वरचा थर घट्ट धरून राहतो, आणि फायब्रोसिसमध्ये नेमकं हेच सपाट होऊन जाते. जपानच्या निगाता विद्यापीठात केंजी इझुमी यांच्या गटाने तिलापियाच्या (आपली चिलापी) खवल्यांतल्या कोलॅजेनपासून असा लहरी पृष्ठभागाचा स्कॅफोल्ड बनवला. चिलापी गरम पाण्यातली, तिचं कोलॅजेन थंड समुद्रातल्या माशांपेक्षा उष्णता जास्त सोसते. ३७ डिग्रीच्या इनक्युबेटरमध्ये (पेशी वाढवायच्या ऊबदार पेटीत) ठेवायचं म्हटल्यावर हे पाहावंच लागते, तरी क्रॉसलिंकिंग करावंच लागते.

रक्ताचं वेगळंच. लावल्यावर नवीन रक्तवाहिन्या येईपर्यंत अस्तर खालून झिरपेल तेवढ्यावरच जगते, त्यात या रोग्यांच्या गालात रक्तपुरवठा आधीच कमी, म्हणून जाड स्कॅफोल्ड चालत नाही.

पुतण्याला नागपूरच्या सरकारी डेंटल कॉलेजात नाहीतर वर्ध्याजवळ सावंगीच्या डेंटल कॉलेजात दाखवा. ऑपरेशन लागलंच तर ते कडक पट्टे कापून बरेचदा गालातलीच चरबी तिथं बसवतात, नंतर तोंड उघडायचा व्यायाम रोज, महिनोन् महिने, दुखलं तरी. खर्रा आजच बंद. आणि पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारा घाव दिसला तर वाट न पाहता तुकडा तपासायला द्या, यात कॅन्सरची भीती असते.