गरोदर बाईने कानात बोळे घातले तर पोटातलं बाळ आवाजापासून वाचतं का?

दादा, तुम्ही लिहिलंय की वहिनींना सहावा महिना संपत आलाय, त्या इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये कांडी मशीनवर (सूत गुंडाळायच्या) कामाला जातात, आणि कानात बोळे घातले तर चालेल का. बोळ्यांनी वाचले तर वहिनींचे कान वाचतील, बाळाचे नाही. बाळापर्यंत आवाज आईच्या कानातून जातच नाही. तो पोटातून आणि गर्भजलातून थेट आत शिरतो आणि बाळाच्या कवटीच्या हाडांवाटे आतल्या कानाला पोचतो.

मी कान तपासणीचंच काम करते, म्हणून जरा खोलात सांगते. टिपेचे, किनरे आवाज आईच्या शरीरात बरेच अडतात. घुमणारा, जाडा आवाज मात्र जवळजवळ तसाच आत जातो. शेडमध्ये फरशीवर उभं राहिलं की तळपायांना जो धडधडाट कळतो ना, तो. आणि बाळाचा आतला कान साधारण २४-२५ आठवड्यांत काम करू लागतो, म्हणजे हाच काळ.

स्वीडनमध्ये १९८६ ते २००८ या काळात जन्मलेल्या १४ लाखांवर मुलांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. गरोदरपणात फारशी रजा न घेता ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात पूर्णवेळ काम केलेल्या आयांच्या मुलांत श्रवणदोष सुमारे ८० टक्क्यांनी जास्त आढळला. मूळ प्रमाणच कमी असतं, त्यामुळे यातलीही बहुतेक मुलं नीट ऐकतात. पण आपल्याकडे कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबल चालतात, आणि ती मर्यादा कामगाराच्या कानांसाठी आहे, पोटातल्या बाळासाठी नाही.

हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज ८५ च्या आसपास किंवा वर आहे असं समजा. मागाच्या शेडमध्ये तर बाया हातवाऱ्यांनीच बोलतात. मालकाशी आजच बोला. शेडबाहेर घडी घालायचं, कापड तपासायचं काम मिळालं तर उत्तम. मजुरी कमी पडेल, ते मला कळतं, तरी हे तीन महिने तेवढे काढाच. मिरवणुकीचा आवाज एखाद्या दिवशी कानावर पडला म्हणून घाबरू नका, फक्त स्पीकरच्या भिंतीपुढे उभं राहू नका.

बाळ झालं की महिन्याच्या आत ओएई ही ऐकण्याची तपासणी मागून घ्या. झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक नळी ठेवतात, काही मिनिटांत होतं, दुखत नाही. टाळीला दचकलं म्हणजे सगळं ऐकू येतं असं धरू नका. उंच पट्टीचे आवाज न ऐकू येणारं मूलही टाळीला दचकतं.